हॉटेलचं बाथरूम : आधी टाकी, मग पाइप, टाइल्स सगळ्यात शेवटी

मराठवाड्यातल्या कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी साडेआठला उभं राहा. गाडी थांबते. बाप बाहेरचा बोर्ड वाचतो, पोरं उतरून झोपाळ्याकडं पळतात आणि आई सगळ्यांच्या आधी आत जाते. काउंटरवर हळू आवाजात काहीतरी विचारते, मागच्या बाजूला जाते, दोन मिनिटांत बाहेर येते. तिची मान नकारार्थी हलली की गाडी पुढच्या हॉटेलला. मालक गल्ल्यावर बसून शेजारच्याला सांगत असतो, "धंदा पहिल्यासारखा राहिला नाही."

मी नळजोडणी आणि ड्रेनेजची कामं घेतो. संभाजीनगर, जालना, परभणी, अधूनमधून लातूर. हॉटेलवाले बोलावतात तेव्हा मागणी ठरलेली असते : "टाइल्स बदलायच्यात, जरा थ्री-स्टार लूक द्या." मी आत जातो, नाकानं पाहतो आणि बाहेर येऊन सांगतो की टाइल्सला काही झालेलं नाही. हॉटेलचं बाथरूम तीन जागी बिघडतं : वरच्या टाकीत, फरशीखालच्या पाइपात आणि साफसफाईला ठेवलेल्या माणसाच्या पगारात. या तिन्ही जागा गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, म्हणून मालकही तिथं पैसा घालत नाही. पुढं लिहिलंय ते त्या तीन जागांबद्दल. नवं हॉटेल बांधत असाल तर सगळं करा, जुनं सुधारायचं असेल तर जमेल तेवढं करा, पण क्रम मोडू नका.

शनिवारी रात्री स्वतः आत जा

पहिलं काम फुकटातलं आहे. शनिवारी रात्री साडेनऊला, हॉटेल भरलेलं असताना, गिऱ्हाईक म्हणून आपल्याच बाथरूममध्ये जा. सकाळी अकराला फिनेल मारल्यावर पाहणी करणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत, त्यांना सगळं छानच दिसतं. आत गेलात की दार लावा. कडी लागते का, की दार उचलून लावावं लागतं? लागल्यावर बाहेरून ढकललं तर उघडतं का? दिव्याचं बटण आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर कुणीतरी पोरगं ते एकदा तरी बंद करणारच. नळ सोडा, जेट दाबा, फ्लश करा, आणि टाकी पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. तीन मिनिटांच्या वर लागत असेल तर मागून येणाऱ्या माणसाला फ्लश मिळत नाही आणि त्याचा दोष तुमच्या स्वयंपाकावर जातो. शेवटी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. वास आत शिरताक्षणी आला की थोडं थांबल्यावर कोपऱ्यातून आला, हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

मग घरातल्या बाईला पाठवा. हे टाळू नका. जालन्याच्या एका कामात मी स्वतः सगळं मन लावून केलं होतं, उतार बरोबर, पाइप बरोबर. उद्घाटनाच्या जेवणाला बायकोला घेऊन गेलो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "पर्स काय दातात धरू?" आख्ख्या बाथरूममध्ये मी एक खुंटी लावायला विसरलो होतो. पदर, ओढणी, पर्स, कडेवरचं लेकरू आणि ओली फरशी, असा तो प्रसंग असतो. तेव्हापासून मी दाराच्या मागं दोन खुंट्या आणि बाजूला हातभर रुंदीची फळी हे पहिल्यांदा लिहून घेतो.

पाण्याचा हिशोब कागदावर करा

आपल्याकडं बाथरूमचा प्रश्न आधी पाण्याचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर. तेवढी वाईट वेळ रोज नसते, पण नळाला दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा पाणी आणि बाकी बोअर-टँकर, हे अनेक शहरांत अंगवळणी पडलंय. अशा ठिकाणी पुण्या-मुंबईच्या हॉटेलचा नकाशा आणून चालत नाही.

समजा तुमच्याकडं रात्रीतून १५० वेळा बाथरूम वापरलं जातं, त्यात ९० वेळा मुतारी आणि ६० वेळा कमोड. मुतारीला दर वेळी दोन लिटर धरले तर १८० लिटर. कमोडला दोन बटणांचा फ्लश असेल तर छोटं बटण ३ लिटर, मोठं ६. पंचेचाळीस वेळा छोटं आणि पंधरा वेळा मोठं दाबलं तर २२५ लिटर. जेटला वेळेमागं एक लिटर, म्हणजे ६०. हात धुवायला प्रत्येकी दीड लिटर धरा, २२५. सहा वेळा फरशी-भांडी धुवायला पंधरा-पंधरा लिटर, ९०. बेरीज ७८० लिटर. आता याच हिशोबात जुना दहा लिटरचा फ्लश घाला. कमोडचेच ६०० लिटर होतात आणि बेरीज ११५५ वर जाते. नुसता फ्लश बदलल्यानं रोज पावणेचारशे लिटर वाचतात. टँकरच्या दरानं महिन्याचे किती होतात ते तुम्हीच मांडा.

आता खरी मेख. बाथरूमची टाकी स्वयंपाकघराच्या टाकीपासून वेगळी ठेवा. टँकर उशिरा आला की भात शिजवायचा की संडास धुवायचा, असा प्रश्न येतो, आणि त्यात संडास दर वेळी हरतो. वाढपी येऊन साफसफाईच्या मावशीला सांगतो, "पाणी बेतानं वापरा." ती म्हणते, "पाणीच नाही तं धुवू कशानं?" तिचं बरोबर आहे. वरच्या आकड्यांच्या हॉटेलला फक्त बाथरूमसाठी हजार लिटरची टाकी आणि जमिनीवर दीड-दोन दिवसांचा साठा असला म्हणजे ही वेळ येत नाही. टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावा, म्हणजे पाणी किती उरलंय ते शिडी न चढता कळतं.

पाणी वाचवण्याच्या आणखी दोन-तीन युक्त्या. बेसिनच्या नळाच्या तोंडाला जाळीचा एअरेटर बसवा, धार भरल्यासारखी वाटते आणि पाणी कमी जातं. एसीचं ठिबकणारं पाणी क्षारविरहित असतं, ते कॅनमध्ये धरून आरसे-नळ पुसायला वापरा, डाग राहत नाहीत. आरओचं टाकाऊ पाणी फरशीला आणि कमोडमध्ये ओतायला चालतं, पण मुतारीला नको, कारण त्यात क्षार आधीच जास्त असतात. बेसिनचं साबणाचं पाणी फ्लशला फिरवा असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. गाळणी-साठवण नीट नसेल तर दोन दिवसांत ते पाणी स्वतःच नासतं.

वास कुठून येतो

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. वास आला की मालक डांबरगोळ्या आणतो, मग अत्तराचा डबा, मग भिंतीवरचा फवारणारा यंत्र-डबा. गिऱ्हाइकाला मोगरा आणि मुतारी असा मिश्र वास येतो, जो नुसत्या मुतारीपेक्षा वाईट.

प्रत्येक कमोड, बेसिन आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, यांच्या खाली पाइपाला एक वळण असतं आणि त्या वळणात साधारण दोन इंच पाणी थांबून राहतं. ड्रेनेजमधली घाण हवा वर येऊ नये म्हणून बसवलेलं ते पाण्याचं झाकण. झाकण गेलं की चेंबर, म्हणजे ड्रेनेजचा बाहेरचा हौद, आणि तुमचं जेवणाचं टेबल यांच्यात काहीच उरत नाही. ते जातं कसं? एक तर सुकून. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं असतो. कोपऱ्यातल्या ज्या नहाणी ट्रॅपमध्ये कुणी पाणी टाकत नाही, त्यातलं झाकण हळूहळू उडून जातं. आणि सगळ्यात जास्त सुकतं ते बायकांचं बाथरूम, कारण बऱ्याच ठिकाणी त्याला कुलूप आणि चावी काउंटरवर. "स्वच्छ राहावं म्हणून बंद ठेवलंय," असं सांगतात. उघडल्यावर भपकारा येतो तो वापरल्यामुळं नव्हे, न वापरल्यामुळं. उपाय : रोज सकाळी प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी. हॉटेल आठवडाभर बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे गोडंतेल सोडा, तेलाच्या थरानं पाणी उडायचं मंदावतं.

दुसरं, झाकण ओढलं जातं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की खालच्या बेसिनमध्ये गुळगुळ आवाज येतो, ऐकलाय? पाणी पाइपातून खाली जाताना मागं पोकळी तयार होते आणि ती हवा शोधते. हवेसाठी वेगळा उभा पाइप गच्चीपर्यंत नेलेला नसेल तर ती तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेते. संभाजीनगरात पाणचक्कीला ज्या जुन्या नळातून पाणी येतं, तिथं पाण्याच्या दाबाचा आणि हवेचा विचार करूनच काम केलेलं आहे, आणि मातीच्या नळांच्या जमान्यातलं. आमचे काही मिस्त्री आजही वेंट पाइप म्हणजे फालतू खर्च समजतात. पाइप भिंतीला लागून गच्चीच्या वर माणसाच्या उंचीएवढा न्या, तोंडाला जाळी लावा आणि तो एसीच्या किंवा टेरेस-डायनिंगच्या बाजूला काढू नका. हे शेवटचं मी हसत लिहीत नाही, पाहिलंय.

कुठली जाळी दोषी आहे हे शोधायची साधी रीत : रात्री हॉटेल बंद झाल्यावर एकेका जाळीवर प्लास्टिकचा कागद पसरून कडेनं चिकटपट्टी मारा. सकाळी ज्या जाळीवरचा कागद फुगलेला असेल किंवा जी झाकल्यावर वास थांबला, तिथं खणा. काडी-उदबत्ती पेटवून तपासू नका, चेंबरमधली हवा पेट घेणारी असू शकते.

तिसरं कारण आपल्या जमिनीत आहे. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागं २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तुमच्या बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत देऊन आकडा काढून घ्या. पाणी जितकं जड, तितका मुतारीत क्षार लवकर बसतो. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, डोळ्यांत चुरचुरतं ते हेच. क्षाराचा तो पिवळट-तपकिरी थर म्हणजे या जिवाणूंची वसाहत. त्यावर फिनेल ओतणं म्हणजे वसाहतीला पावसाळा. थर काढावा लागतो. रात्री शेवटच्या गिऱ्हाइकानंतर भांड्यातलं पाणी ब्रशनं खाली ढकला, लिंबूफुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं, कोमट पाण्यात केलेलं दाट द्रावण किंवा टॉयलेट क्लीनर टाका, अर्धा तास राहू द्या, घासा, भरपूर पाणी सोडा. आठवड्यातून एकदा. आणि दोन-तीन महिन्यांनी मुतारीखालचा बाटलीसारखा ट्रॅप उघडून आतून साफ करा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा नाकाला रुमाल बांधा.

इथं दोन धोके आहेत. ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका, एकामागोमाग एकही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणसाला पाडतो. मावशीला हे बाटली दाखवून, दोनदा सांगा, चिठ्ठी चिकटवून भागत नाही. दुसरं म्हणजे दुकानातलं सुटं ॲसिड फरशीवर ओतण्याची आपली जुनी खोड. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. सांधे पोकळ झाले की लघवी आत मुरते आणि मग कितीही धुतलं तरी वास भिंतीतून येतो. नव्यानं करत असाल तर खालच्या तीन फुटांत आणि फरशीत सांधे इपॉक्सीनं भरून घ्या. टाइल्स साध्या घ्या, सांधे महाग करा.

चौथं, स्वयंपाकघर. तर्रीदार मटणाचं तेल गरम असताना मोरीतून निवांत जातं आणि डिसेंबरच्या रात्री पाइपात मेणासारखं गोठतं. भांड्यांची मोरी आणि संडास एकाच चेंबरला जोडलेले असतील तर तुंबणार ते संडास. मोरीच्या पुढं तेल अडवणारी टाकी बांधा, दर आठवड्याला वरचा थर काढा.

शहराबाहेर, बायपासवर, गटार नसतं आणि सगळा भार सेप्टिक टँकवर असतो. त्यात बादल्या भरून ॲसिड-फिनेल गेलं तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात आणि टाकी लवकर भरते. भरली की उपसा करणारं यंत्र, म्हणजे टँकरवालं सक्शन मशीनच बोलवा. कुणालाही आत उतरवू नका, अर्ध्यापर्यंतही नाही. माणसाकडून मैला साफ करून घेण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ते गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी त्या टाकीतला वायू पहिल्या दोन-चार श्वासांतच माणूस मारू शकतो. वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

बाईला कुठून जावं लागतं

आपल्याकडं खाली परमिट रूम, वर किंवा बाजूला फॅमिली सेक्शन अशी रचना सगळीकडं दिसते. बोर्डावर 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था' असं मोठ्या अक्षरात. पण बाथरूम एकच, परमिट रूमच्या पलीकडं. म्हणजे व्यवस्था बसण्यापुरतीच स्वतंत्र. बाईला दहा टेबलांसमोरून जावं लागतं, आणि परत येताना त्याच दहा टेबलांसमोरून. मग ती जात नाही. पाणी पीत नाही. दुसऱ्यांदा येत नाही. माझ्या मते ज्याला ही वाट वेगळी करायची नसेल त्यानं बोर्डावरचा 'फॅमिली' हा शब्द पुसून टाकावा.

जागा कमी असेल तर पूर्ण नवं बाथरूम नको, पाच बाय चारची एक खोली फॅमिली सेक्शनमधूनच उघडेल अशी काढा. दार जेवणाच्या टेबलांकडं उघडणार नाही, मध्ये निदान एक आडवी भिंत येईल असं बघा. स्वयंपाकघरात तर थेट उघडूच नये, अन्न परवान्याच्या नियमांतल्या स्वच्छतेच्या अटीत ते आहेच. दाराला वर फट नको, खाली बोटभर पुरे, आणि कडी आतून, धातूची, दोन स्क्रूंची नव्हे चार स्क्रूंची. झाकणाचा डबा, पायानं उघडणारा, आणि त्याच्या शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खोचलेले, पॅड गुंडाळून टाकायला. हे कुणी सांगत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही, आणि मग ते कमोडमध्ये जातं आणि मला फोन येतो.

इंडियन की वेस्टर्न, यावर मालक फार वाद घालतात. दोन ठेवायची जागा असेल तर एक-एक ठेवा. एकच असेल तर वेस्टर्न, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला इंडियन अशक्य असतं आणि दुसऱ्याला वेस्टर्न फक्त नकोसं असतं. भिंतीला धरायला एक दांडी लावा, दार ९० सेंटिमीटरचं करा, पायरीच्या जागी उतार द्या. जेट असला तरी एक मग ठेवा. गावाकडून आलेल्या आजीला जेटचा जोर कळत नाही आणि फरशी सगळी ओली होते.

परमिट रूमची मुतारी

दारू शरीरातलं पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दाबते, त्यामुळं प्यायलेला माणूस जितकं पितो त्याच्यापेक्षा जास्त वेळा उठतो. म्हणून जेवणाच्या हॉटेलला पुरणाऱ्या दोन मुताऱ्या तेवढ्याच खुर्च्यांच्या बारला पुरत नाहीत. रांग लागली की लोक पार्किंगमधल्या कंपाउंडच्या भिंतीशी जातात आणि मग तुमच्या गाडीतळाला कायमचा वास. जागा असेल तर एक मुतारी जास्तच बांधा, मध्ये आडोशाच्या फळ्या.

सेन्सर लावू नका. कंपनीचा माणूस छान बोलतो, पण जड पाण्यात आतला व्हॉल्व्ह क्षारानं अडकतो, वीज गेली की थांबतो आणि दुरुस्तीला माणूस मोठ्या शहरातून येतो. दाबायचा साधा कॉक लावा, वॉशर गावात मिळतो. मुतारीवर छातीच्या उंचीला अरुंद फळी ठेवा, कारण लोक ग्लास आणि मोबाइल घेऊनच येतात, तुम्ही काहीही लिहिलं तरी.

थुंकणं आणि उलटी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे भिंतीचे कोपरे बघून कुणाला पटणार नाही. पाट्या लावून उपयोग शून्य. बेसिनच्या शेजारी एक खोल, रुंद तोंडाची मोरी काढा, तीन इंची पाइप, वर जाड जाळी, वर नळ. माणूस जिथं सोपं पडेल तिथंच थुंकतो आणि तिथंच ओकतो, आणि त्याला त्या वेळी विचार करायला लावू नये. ही मोरी नसेल तर सुपारीचा चोथा बेसिनच्या सव्वा इंची पाइपात बसतो. कोपऱ्यांना गडद टाइल्स लावायचा सल्ला काही जण देतात. लावू नका. डाग दिसला नाही की पुसला जात नाही.

फरशी खडबडीत घ्या आणि जाळीकडं खरा उतार द्या. बादलीभर पाणी ओतून बघा, एका मिनिटात सगळं जाळीकडं गेलं नाही तर मिस्त्रीचं बिल थांबवा. बारमध्ये ओल्या गुळगुळीत फरशीवर पडणारा माणूस हात टेकत नाही, सरळ डोक्यावर पडतो.

मावशी

सगळं बरोबर बांधलं तरी हे काम रोज एक माणूस करतो. बहुतेक ठिकाणी तो माणूस ठरलेलाच नसतो. जो वेटर मोकळा असेल तो वायपर मारतो आणि त्याच हातानं भाकरी वाढतो. गिऱ्हाइकाला हे दिसतं.

एक जण ठेवा, फक्त याच कामाला, आणि वेटरपेक्षा कमी पगार देऊ नका. हातमोजे, गमबूट, बसायला खुर्ची, हॉटेल बंद व्हायच्या वेळी घरी जायची सोय आणि जेवण सगळ्यांच्या पंगतीत. शेवटचं मुद्दाम लिहितोय. मागच्या दारात वेगळ्या ताटलीत जेवण देणारी हॉटेलं अजून आहेत, आणि तीच मालक मंडळी 'माणसं टिकत नाहीत' म्हणतात. घराबाहेर पडून गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांचा फोटो गल्ल्याच्या मागं लावलेला असतो.

साफ करायचा क्रम असा ठेवा : आधी भांड्यांत क्लीनर टाकून तो मुरत ठेवा. तोवर आरसा, बेसिन, नळ, दाराची मूठ आणि कडी पुसून घ्या. मग मुतारी, मग कमोड, फरशी शेवटी, आतून दाराकडं येत. बेसिनचं फडकं आणि कमोडचं फडकं वेगवेगळ्या रंगाचं, आणि ती कधीच एका बादलीत पिळायची नाहीत. शेवटी वायपर मारून फरशी कोरडी. ओली फरशी स्वच्छ असली तरी घाणच वाटते, त्यावर बुटांची माती बसून चिखल होतो. साध्या दिवशी दीड तासानं आणि शनिवारी-रविवारी रात्री अर्ध्या तासानं एक फेरी. लगीनसराईत, किंवा नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यावर असाल तर मोजूच नका, मावशीसोबत दुसरा माणूस द्या.

दाराच्या मागं टांगलेला सह्यांचा तक्ता काढून टाका. तो संध्याकाळी सातला एकाच पेनानं, एका दमात भरला जातो. सकाळी नऊ ते रात्री अकरा, सगळ्या सह्या एकाच कोनात. त्यापेक्षा मालकांसाठीचं वेगळं बाथरूम बंद करा, त्याला गोदाम करा. मालक, मॅनेजर, वेटर, सगळे गिऱ्हाइकाचंच वापरतील. परभणीच्या एका मालकानं हे माझ्या सांगण्यावरून केलं आणि चौथ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाला, "त्या कडीचं काहीतरी करा राव." ती कडी दोन वर्षांपासून मोडलेली होती.

उरलंसुरलं

एक्झॉस्ट फॅन लावाल तर तो हवा बाहेर फेकतोय का बघा. गल्लीतल्या भिंतीवर आपटून परत येत असेल तर उपयोग नाही. शिवाय दाराखाली हवा आत यायला फट लागते, नाहीतर फॅन तीच हवा चेंबरमधून ओढतो. साबण पातळ घ्या, पण पाणी घालून वाढवू नका. हात पुसायला नॅपकीन ठेवायचा तर रोज बदलायचा, नाहीतर ठेवूच नका. अत्तराचा डबा सगळं झाल्यावर हवा असेल तर लावा, तोवर गरज उरली नसेल.

गिऱ्हाईक नसलेल्या बाईनं, शाळकरी पोरीनं विचारलं तर वापरू द्या. एका फ्लशला तीन लिटर पाणी जातं.

आणि हे सगळं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकून घ्या : टाकी रिकामी करून आतून घासा, टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉल कॉक उघडून क्षार काढा किंवा बदला, बेसिन-फ्लशचं पाणी बंद करायच्या सगळ्या अँगल कॉकच्या चाव्या एकदा फिरवून बघा, वेंट पाइपाच्या जाळीतलं पाखराचं घरटं काढा. मे महिन्यात बॉल कॉक दुकानात मिळतो, पण प्लंबर मिळत नाही. निम्मे लग्नात असतात आणि उरलेले टँकरच्या मागं.